आडनावाचं क्रियापद

हे लिहायला बसलो तेव्हा पहिली अडचण नावाची आली. माझं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं, तर वाचणारा ते एकदा तरी मनातल्या मनात चालवून पाहील, आणि तेच मला नको आहे. ज्या मास्तरांविषयी लिहायचं आहे त्यांचंही आडनाव लिहीत नाही. त्यात दया नाही. सोयीसाठी माझं आडनाव अमुक आणि त्यांचं तमुक, असं धरून चालू.

आमचं गाव गिरणेच्या काठी, भडगावच्या बाजूला. घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. मी मराठी तिसरीत असताना आबांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि म्हणाले, आपलं आडनाव लिहून दाखव. मी पाटीवर लिहिलं. त्यांनी ते कित्येक दिवस गिरवलं. नांगराचं तास धरावं तसं ते अक्षर धरायचे, सावकाश आणि खोल. शेवटी त्यांना ते न बघता लिहिता येऊ लागलं. त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही, गावाचं येत नाही. आबांना जगात एकच शब्द लिहिता येतो आणि तो आमचं आडनाव आहे. पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

इंग्रजी शिकायला मला धुळ्याला पाठवलं. तिथे माझी थोरली बहीण दिलेली होती. तिला सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायचो. दाजी गिरणीत कामाला होते. पांझरा नदीच्या अल्याडच्या काठाला त्यांची एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत माझी वळकटी आणि पुस्तकं. लढाई चालू होती, रॉकेल रेशनवर मिळायचं, म्हणून माझा अभ्यास उजेड असेपर्यंतच चाले.

तमुक मास्तर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. ते वाईट शिकवत, असं म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण ते फार चांगलं शिकवत. स्वच्छ धोतर, वर कोट, आणि चालताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी धोतराची कड किंचित उचलून धरायची सवय. वर्गात, जिथे चिखल असण्याचा संबंधच नाही, तिथेही ती कड उचललेलीच असे. त्या वेळी मला ती ऐट वाटायची आणि आवडायची. मी मोठा झालो की असंच चालावं, असंही मनात यायचं.

एके दिवशी त्यांनी शब्दांच्या जाती घेतल्या. मराठीतल्या जाती आम्हाला पाठ होत्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. मराठीत नामाचं क्रियापद करायचं तर त्याला काहीतरी जोडावं लागतं, त्याचं रूप बदलावं लागतं, हे त्यांनी फळ्यावर दाखवलं. मग म्हणाले, ‘‘इंग्रजीत तसं नाही. तिथे शब्दाला जन्माची जात नसते. वाक्यात तो जिथे जाऊन बसतो, ती त्याची जात.’’ आणि त्यांनी उदाहरणं दिली. वॉटर म्हणजे पाणी, पण तोच शब्द क्रियापदाच्या जागी बसला की झाडांना पाणी घालणं. हँड म्हणजे हात, आणि हँड म्हणजे हातात देणंही. शोल्डर म्हणजे खांदा, आणि ओझं खांद्यावर घेणंही शोल्डरच. कपडे बदलायला नकोत, कोणाची परवानगी नको. काल नाम होता, आज क्रियापद आहे.

मला त्या तासाला काय वाटलं ते नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. आमच्या वर्गात वकिलांची मुलं होती, मामलेदार कचेरीतल्या कारकुनांची होती. बाकावर कोणी कुठे बसायचं हे न सांगता ठरलेलं होतं आणि मी शेवटच्या बाकावर होतो. अशा मुलाला कोणी सांगितलं की एक भाषा अशी आहे, जिच्यात जिथे बसशील तो तू होशील, तर त्याचं काय होईल? माझ्या अंगावर काटा आला होता, एवढं आठवतं.

मास्तर म्हणाले, ‘‘आता तुम्ही करा. प्रत्येकाने एक.’’

पुढच्या मुलांनी पुस्तकातली वाक्यं म्हटली. माझी पाळी आली तोवर माझ्या डोक्यात आबा होते, आमची बैलजोडी होती, आणि पेरणीआधीचं शेत होतं. नियम मला समजला होता. मी उभा राहून म्हणालो, ‘‘माय फादर बुलक्ड द फील्ड.’’

आबांनी शेताला बैल लावले, असं मला म्हणायचं होतं. वर्ग हसला. त्याचं मला काही वाटलं नाही, वर्ग हसतोच. मी मास्तरांकडे बघत होतो. ते हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला.

‘‘आडनाव काय तुझं?’’

मी सांगितलं.

‘‘मुलांनो, आज इंग्रजीत एका नव्या क्रियापदाची भर पडली,’’ असं म्हणून त्यांनी माझं आडनाव इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहिलं. ‘‘टू अमुक. अर्थ, दुसऱ्याच्या भाषेत आपले बैल घालणे. नियमित क्रियापद आहे, रूपं सोपी आहेत. अमुक, अमुक्ड, अमुक्ड. चालू काळ, अमुकिंग. चला, म्हणा.’’

वर्गाने म्हटलं. पाढे म्हणतात तसं, एका सुरात. मी उभाच होतो, कारण बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, घंटा झाली की संपेल. पण चांगला मास्तर एखादी गोष्ट शिकवतो तेव्हा ती विसरली जात नाही. आठवडाभरात कोणाच्या हातून दौत सांडली की मुलं म्हणू लागली, ‘‘अमुकलं.’’ चेंडू हातातून निसटला की अमुकला. गणित चुकलं की अमुकलं. ड्रिलच्या मास्तरांनी एकदा चुकीच्या पायावर वळलेल्या मुलाला ‘‘अमुकू नकोस’’ म्हणून दटावलं, आणि तो शब्द कुठून आला हे त्यांना ठाऊकही नव्हतं. शाळेचा शिपाई म्हणायचा. तमुक मास्तर स्वतः निबंध तपासताना वहीच्या कडेला लाल शाईने ते क्रियापद लिहायचे, माझ्या नव्हे, इतरांच्या वह्यांत. सर्वांत वाईट दिवस तो, जेव्हा पडवीत माझ्या हातून कंदिलाची काच फुटली आणि कोणी ऐकायला नसताना माझ्याच मनात आलं, अमुकलं.

मी ठरवलं की मॅट्रिकच्या अर्जावर आडनाव बदलायचं. गावाच्या नावाला ‘कर’ जोडायचं आणि मोकळं व्हायचं. पुष्कळ जण तसं करत. त्याला आबांची संमती लागणार होती, म्हणून मी त्यांची वाट बघत होतो.

आबा अक्काला भेटायला आले, बरोबर भाकरीसाठी उडदाच्या कळण्याचं पीठ आणि शेंगा घेऊन. येता येता ते शाळेवरून आले. सुटी झालेली होती, मुलं पटांगणात विटीदांडू खेळत होती. मी घरी पोचलो तेव्हा आबा पडवीत बसले होते आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा होता.

‘‘बठ्ठी शाळा आपलं नाव लेस,’’ ते मला म्हणाले. सगळी शाळा आपलं नाव घेते, याचा तो आनंद होता. ‘‘एक पोऱ्या पडना, ते बी आपलं नाव लिन्हं. दुसरा पळना, त्यानी बी लिन्हं. इतला मोठा व्हयना का रे तू?’’

अक्का चुलीपाशी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘‘हां, आबा.’’

ते गावी गेले आणि पारावर बसून ही गोष्ट सांगत राहिले, असं नंतर कळलं. संमतीचं मी काढलंच नाही. ज्या माणसाला एकच शब्द लिहिता येतो, त्याच्या हातून तो शब्द कसा काढून घ्यायचा? आडनाव तर बदलायचं नाही, आणि ते असं क्रियापद होऊन गावभर फिरतं आहे. मला ते परत नाम करून हवं होतं. आणि ज्याने त्याचं क्रियापद केलं त्याच्यावर तसंच काहीतरी उलटावं, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं. आधी मला फक्त लाज वाटत होती. आबा हसले त्या दिवसापासून राग आला.

आबा गेल्यावर अक्काने मला समोर बसवलं.

‘‘कोन काय बोलनं तुले? खरं सांग.’’

मी सगळं सांगितलं. बुलक, फळा, रूपं, पटांगण. इंग्रजीतली नामं आणि क्रियापदं तिला समजावीत बसलो नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

‘‘म्हंजे मास्तरनी शिवी दिन्ही,’’ ती म्हणाली.

‘‘शिवी नही अक्का. व्याकरण.’’

‘‘नाव लिसन बठ्ठासमोर बोलनं म्हंजे शिवीच शे. तू काय जबाब दिन्हा?’’

‘‘मास्तरले जबाब देतस का?’’

‘‘काब्र नही? जबाब नही दिन्हा ते शिवी आंगले चिकटस. आखाजीले काय करतस आपन? तुले माहीत नही का?’’

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी हे थोडं सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात. आणि गौराई बोळवायला नदीवर जातात तेव्हा अल्याडच्या काठावरच्या बाया आणि पल्याडच्या बाया एकमेकींना शिव्या घालतात. गाण्यात, नावं घेऊन, समोरच्या काठावरच्या बाप्यांचे सगळे दोष काढून. समोरून जबाब येतो, त्याला जबाब जातो. नियम एवढाच की जे बोललं ते नदीत सोडून यायचं. घरी न्यायचं नाही, मनात ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बाया एकमेकींना विस्तव देतात. माझ्या बहिणीला शिव्यांविषयी जे काही ठाऊक होतं ते या सणातून आलेलं होतं. शिवी मिळाली की जबाब द्यायचा, दिला की सगळं धुऊन निघतं, एवढं सरळ. शाळेचे मास्तर आणि नदीवरच्या बाया यांत काही फरक असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

‘‘शाळाले नदी नही शे, अक्का,’’ मी म्हणालो.

‘‘गावले ते शे ना. तुना मास्तर कोन्ता काठले ऱ्हास?’’

‘‘पल्याड.’’

‘‘मंग व्हयनं ते,’’ असं म्हणून ती पुन्हा भाकरी थापायला बसली. थापता थापता तिने विचारलं, ‘‘आडनाव काय त्यानं? कसा चालस? कसा बोलस? सांग बठ्ठं.’’

मी सांगितलं. दोन बोटांनी धोतर कसं धरतात ते उठून करून दाखवलं. अक्का एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

त्या वर्षी माझी परीक्षा आखाजीनंतर होती. मला कोणी रांधून घालायला हवं म्हणून अक्का माहेरी गेली नाही. लग्नानंतरची तिची ही पहिलीच आखाजी सासरी. गल्लीतल्या ज्या बाया अशा मागे राहिल्या होत्या त्यांच्याबरोबर ती पांझरेवर गेली. बाप्यांनी तिथे थांबायचं नसतं, म्हणून मी पुलाच्या कडेला पुस्तक उघडून बसलो. वैशाखात पांझरेला पाण्याची एक बारीक धार उरते, त्यामुळे पल्याडचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

आधी नेहमीचं झालं. कोणाचा नवरा आळशी, कोणाचा दीर खादाड, कोणाच्या सासऱ्याने दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापलं. मग अक्का पुढे झाली. माझी बहीण घरात कधी मोठ्याने बोलत नाही. तिचा आवाज एवढा लांब जातो हे मला त्या दिवशी कळलं.

‘‘चिखल नही, पानी नही, धोतर वर धरस,
आपलाच पायले भिसन मास्तर कसा तमुकस.’’

तिने लुगड्याची कड दोन बोटांत धरून, मान ताठ करून, वाळूतून चार पावलं चालून दाखवलं. मागच्या बायांनी ओळ उचलली. पुन्हा, पुन्हा. मास्तर कसा तमुकस. मी पुस्तकात बघत होतो आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं. अक्काला व्याकरण कोणी शिकवलं नव्हतं. तिने आडनाव उचललं आणि क्रियापदाच्या जागी नेऊन बसवलं, झालं.

आता पल्याडहून जबाब यायला हवा होता. आला नाही. तिकडे हसू फुटलं. एक म्हातारी पाण्यापर्यंत पुढे आली आणि ओरडून म्हणाली, ‘‘खरं शे वं माय. आमनी गल्लीमा बी तो असाच चालस.’’ तिच्या मागे पल्याडच्या पोरीसोरी लुगड्याच्या कडा धरून वाळूत चालू लागल्या. दोन्ही काठ एकच गाणं म्हणत होते. असं कधी होत नाही. शिवीला जबाब मिळाला नाही, म्हणजे ती नदीत सुटली नाही. पल्याडच्या बायांनी ती घरी नेली.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा तो शब्द आमच्या आधी वर्गात येऊन बसलेला होता. नव्या कपड्यात मिरवणारा मुलगा तमुकत होता. पाय न भिजवता डबकं ओलांडणारा तमुकला. मास्तर वर्गात आले, धोतराची कड उचलली, आणि शेवटच्या बाकांवरून अगदी हलक्या आवाजात कोणीतरी ते रूप म्हटलं. मास्तरांनी वर बघितलं. त्यांना कळलं. ज्याने आयुष्यभर नामाची क्रियापदं शिकवली त्याला हे ऐकू येणारच.

काही दिवसांनी त्यांनी कड उचलणं सोडलं. सवय जाताना त्रास होत असावा. हात खाली जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. त्यांचं धोतर आता जमिनीला लागायचं आणि कड मातकट व्हायची. ती मातकट कड मी रोज बघत होतो. पुस्तकातल्या कुठल्याही ओळीपेक्षा ती मी मन लावून वाचली.

पण माझं आडनाव काही परत आलं नाही. गावात आता दोन क्रियापदं झाली होती आणि मुलं दोन्ही वापरायची. एकाने दुसरं खोडलं जात नाही, हे मला तेव्हा उमगलं. आणि दुसरी गोष्ट मला जास्त खुपायची. ते कुठून आलं हे मास्तरांना माहीत नव्हतं. ते मुलांना दोष देत, गल्लीला देत. मला मात्र नेहमीसारखाच शेवटच्या बाकावरचा समजत. माणसाला मार बसावा आणि कोणी मारलं हे त्याला कळू नये, यात अर्धंच समाधान असतं.

मी मॅट्रिक झालो, अमुक याच आडनावाने. त्याच सुमारास जळगावला नवीन कॉलेज निघालं होतं. नाहीतर माझ्यासारख्याने नाशिक-पुण्याचं नावही काढलं नसतं. बोर्डिंगात जागा मिळाली. हिवाळ्यात कापूस घेऊन आबा जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात यायचे आणि गाडी खाली होईपर्यंत मला भेटून जायचे. वर्गात धुळ्याची मुलं बरीच होती, दोंडाईच्याची होती, एदलाबादकडची होती. पहिल्या दिवशी हजेरीला माझं आडनाव आलं तेव्हा धुळ्याचा बाक हसला. मग त्यांनी इतरांना समजावून सांगितलं. दिवाळीपर्यंत एदलाबादचा मुलगासुद्धा चहाचा कप पडला की अमुकला म्हणत होता. मी शहर बदललं होतं आणि ते क्रियापद माझ्याबरोबर रेल्वेने आलं होतं.

इंग्रजीच्या प्राध्यापकांची एक जागा रिकामी होती. येणाऱ्या उमेदवाराने आमच्या वर्गावर एक तास घ्यायचा आणि प्राचार्यांनी मागच्या बाकावर बसून तो ऐकायचा, अशी पद्धत ठेवली होती. दोन उमेदवार होऊन गेले. तिसऱ्या दिवशी दारातून तमुक मास्तर आत आले.

मी त्यांना लगेच ओळखलं नाही, कारण त्यांनी पँट घातली होती.

पँट नवी होती, इस्त्रीची घडी स्पष्ट दिसत होती. धुळ्याचा बाक एकदम सावध झाला. मास्तरांनी खडू घेतला आणि तोच धडा काढला. तो त्यांचा सर्वांत चांगला धडा होता, त्यांनी तोच निवडावा हे बरोबरच होतं. वॉटर, हँड, शोल्डर. इंग्रजीत शब्दाला जन्माची जात नसते. त्यांचा आवाज तसाच, तेवढाच सुंदर. नवी मुलं भान विसरून ऐकत होती. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर पुन्हा काटा आला, आणि त्याचाच मला अधिक संताप आला.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘एनी क्वेश्चन्स?’’

मला वर्गात बोलायची सवय नाही. मी उभा राहिलो, बाक धरून.

‘‘सर, माणसाच्या आडनावाचं क्रियापद होऊ शकतं का?’’

ते सौम्यपणे हसले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. ‘‘चांगला प्रश्न आहे. एखादं उदाहरण मनात आहे का तुमच्या?’’

‘‘उदाहरण आपणच दिलं होतं, सर. धुळ्याला.’’

‘‘तुमचं नाव?’’

मी आडनाव सांगितलं. आबा लिहितात तसं, सावकाश.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना तो शेवटचा बाक आठवत गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. मी पुढे म्हणालो, ‘‘आमच्या घरी ते वडिलांना फार आवडतं, सर. आडनाव म्हणून. मग माझ्या बहिणीनेही एक क्रियापद केलं. आखाजीला, पांझरेवर. ते आपल्याला ठाऊक असेल.’’

तो शब्द मी उच्चारला नाही. उच्चारायचा असं मनात धरून उठलो होतो, जिभेवर होताही. पण त्याची गरज राहिली नाही. मास्तरांचा डावा हात खाली गेला आणि दोन बोटांनी त्यांनी मांडीजवळची पँट चिमटीत धरून किंचित वर उचलली. तिथे धोतर नव्हतं. धुळ्याच्या सगळ्या बाकाने ते पाहिलं. आणि एकाने, अगदी हळू, जसं हजेरीला उत्तर द्यावं तसं, म्हटलं, ‘‘तमुकले.’’

मग जे हसू उठलं ते प्राचार्यांच्या हात वर करण्यानेही थांबलं नाही. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ‘‘व्हॉट इज द मॅटर?’’ ते विचारत होते. मास्तरांनी हातातली पँट सोडली, खडू खाली ठेवला, आणि मला उत्तर दिलं. ‘‘येस. इट कॅन.’’ घंटा व्हायला अजून वेळ होता, पण ते बाहेर पडले.

मी बाहेर आलो तेव्हा ते व्हरांड्यात माठापाशी उभे होते. मी नमस्कार केला. ते माझ्या पायांकडे बघून बोलले.

‘‘तुझं ते बैलांचं वाक्य,’’ ते म्हणाले. ‘‘नियमाला धरून होतं. इंग्रज तसं म्हणत नाहीत, एवढंच. नियम तुला त्या वर्गात सर्वांत चांगला समजला होता.’’

‘‘हे आपल्याला तेव्हा माहीत होतं, सर?’’

‘‘तेव्हाच माहीत होतं.’’

हे त्यांनी कबूल केलं म्हणून माझं मन विरघळायला हवं होतं, असं बोर्डिंगातल्या माझ्या मित्राचं मत आहे. माझं उलट झालं. त्यांना माझं चुकलं असं वाटलं असतं, तर एका मास्तराची ती चेष्टा होती, असं मी कधीतरी म्हणू शकलो असतो. त्यांना माझं बरोबर असल्याचं माहीत होतं आणि तरी त्यांनी खडू उचलला. मी त्यांना पुन्हा नमस्कार केला आणि एवढंच म्हणालो, ‘‘आबांना अजून वाटतं की सगळी शाळा त्यांचं नाव आदराने घ्यायची.’’ त्यांनी माठातून पाणी घेतलं आणि न पिता ओतून दिलं.

ती जागा त्यांना मिळाली नाही. माझ्यामुळे मिळाली नाही, की दुसरा उमेदवार जास्त शिकलेला होता म्हणून, हे मला कळलं नाही. माझ्यामुळे असावं, अशी माझी इच्छा आहे.

त्यानंतरच्या सोमवारी हजेरी झाली. माझं आडनाव आलं. मी ‘‘प्रेझेंट सर’’ म्हणालो. कोणी हसलं नाही. धुळ्याचा बाक माझ्याकडे जरा जपूनच बघत होता. तेवढा क्षण ते आडनाव फक्त आडनाव होतं, एका माणसाचं. ते आदराने झालं की भीतीने, याची चौकशी मी केली नाही. बोर्डिंगात कप अजूनही फुटतात, पण मी खोलीत असलो की मुलं म्हणतात, ‘‘पडला.’’

गेल्या आखाजीला अक्का माहेरी आली होती. गिरणेवरून गौराई बोळवून आली, पाय धुतले, आणि ओट्यावर माझ्याजवळ बसली. मी तिला जळगावचं सगळं सांगितलं. पँटची चिमूट सांगितली तेव्हा ती पुन्हा तशीच हसली. मग गंभीर झाली.

‘‘जबाब पोचना ना त्याले?’’

‘‘पोचना.’’

‘‘मंग आते सोडी दे. नदीमा सोडी दे. संपनं का?’’

आत आबा पेरणीच्या बियाण्याच्या पोत्यावर कोळशाने आमचं आडनाव लिहीत होते. दरवर्षी लिहितात, पोती ओळखू यावीत म्हणून.

‘‘संपनं,’’ मी म्हणालो.

अक्काला बरं वाटावं म्हणून म्हणालो. संपलेलं नाही. मास्तरांचं आडनाव इथे न लिहिण्याचं कारणही तेच आहे. लिहिलं असतं तर ते एका माणसाचं नाव होऊन कागदावर बसलं असतं, आणि तेवढं मी त्यांना द्यायला तयार नाही. ज्याला पाहिजे त्याने धुळ्याला पांझरेच्या पल्याड जावं आणि कोरड्या रस्त्यावर धोतर उचलून चालावं. तिथली कोणतीही बाई त्याला तो शब्द सांगेल. तो कोणाचं आडनाव होता, हे मात्र तिला आता सांगता येणार नाही.